ओढ्यातून बाहेर पडली आणि एकदम पाच तक्रारी: जुन्या आर्मी निस्सान वन टनची केस

ही केस एका मित्राच्या गाडीची आहे, नाव-नंबर मुद्दाम टाकत नाही, पुढे त्याला नुसतं मालक म्हणतो. मी तिन्ही दिवस सोबत होतो त्यामुळे जे लिहितोय ते डोळ्यांनी बघितलेलं आणि हाताने केलेलं आहे. जुनी आर्मी गाडी घेऊन पावसाळ्यात चिखलात जाणारे आता बरेच झालेत, आणि परत आल्यावर गाडी "कशीतरीच चालते" म्हणून गॅरेजला नेऊन भलतंच काहीतरी उतरवून ठेवतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

गाडी म्हणजे निस्सान वन टन, फोर बाय फोर. जपानच्या निस्सानच्या परवान्याने जबलपूरला बनायची, लष्करात वर्षानुवर्षं चालली आणि मग लिलावात निघून डोंगराळ भागात, शेतावर, लाकूड वाहायला वगैरे गेली. इंजिन जोंगावाल्यांना (जोंगा म्हणजे निस्सानचीच जुनी लष्करी जीप) माहितीये तेच, सहा सिलिंडर पेट्रोल, ३९५६ सीसी. बऱ्याच लोकांनी याच्यात डिझेल बसवलंय पण मालकाने पेट्रोलच ठेवलंय, आवाजासाठी म्हणतो, आणि तो आवाज खरंच ऐकण्यासारखा आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब (चाक एक्सलपासून सोडवणारे) नाहीत, म्हणजे फोर बाय फोर काढायचं तर ते ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) लिव्हरनेच.

ट्रिपच्या साधारण तीन आठवडे आधी मालकाला मागच्या उजव्या टायरच्या आतल्या बाजूला एक काळा ओला पट्टा दिसला होता. मलाही दाखवला. दोघांनी बघितलं, बोट लावलं, ग्रीस असेल म्हणून सोडून दिलं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

काय झालं

ऑगस्टातला रविवार. केळदच्या अलीकडे एक ओढा आहे, एरवी घोट्याएवढा, त्या दिवशी चाकाचा हब पूर्ण पाण्याखाली जाईल एवढा. आम्ही त्याआधी तासभर लो गिअरमध्ये चिखलातला चढ चढलो होतो, म्हणजे दोन्ही एक्सल चांगले तापलेले. पहिल्या प्रयत्नात समोरच्या दरडीवर चाकं फिरायला लागली, मागे घेतली, परत अडकली, आणि दोर लावेपर्यंत गाडी पाण्यातच उभी राहिली, दहा-बारा मिनिटं तरी. मग बाहेर निघाली.

तिथून वेल्ह्याकडे येताना तक्रारी सुरू झाल्या. लिहितो तशाच क्रमाने, कारण क्रम महत्त्वाचा आहे:

डांबरी लागल्यावर स्टेअरिंग जड आणि गाडी कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. फोर बाय फोरचा लिव्हर निघेना. ब्रेक मारला की डावीकडे ओढायची. पन्नासच्या जवळ गेलं की अख्खी केबिन थरथरायची. आणि वीस-पंचवीस मिनिटं चालली की चढाला इंजिन गचके देत बंद पडायचं, दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही असं परत सुरू व्हायचं.

वेल्ह्यात एक छोटं गॅरेज उघडं होतं. तिथल्या माणसाने एक चक्कर मारून बघितली आणि सांगितलं, "दादा, क्लच गेलाय. गिअरबॉक्स उतरवावा लागंल. ठेवून जा, चार-पाच दिवसांनी या."

त्याचा दोष नाही. गाडी ओढत नाही म्हटलं की दहापैकी सात वेळा क्लचच असतो, आणि एकच कारण सापडलं तर सगळ्यांनाच बरं वाटतं. मालक तर तयारच झाला होता ठेवायला.

पहिला निर्णय: गिअरबॉक्स उतरवायचा का?

इथे आम्ही थांबलो आणि एकच गोष्ट विचारली. क्लच घसरत असेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढला पाहिजे आणि गाडी तेवढीच राहिली पाहिजे. आमच्याकडे उलट होतं, आवाज वाढतच नव्हता, इंजिन कण्हत होतं. म्हणजे इंजिनची ताकद खालपर्यंत पोचत होती, खाली काहीतरी अडवत होतं.

खात्रीसाठी साधी टेस्ट केली, चाकांना पुढेमागे दगड, हँडब्रेक, ब्रेकवर पाय, टॉप गिअर टाकला आणि क्लच हळू सोडला. इंजिन धाडकन बंद. क्लच घसरत असता तर ते घुरघुरत चालू राहिलं असतं. क्लच ठीक. गॅरेजवाल्याने पण ते बघितलं आणि लगेच मान्य केलं, आणि मग पुढचा तासभर तोच आमच्यासोबत गाडीखाली होता.

मग फोर बाय फोर. या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतं, दोन्ही एक्सल ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना थेट जखडलेले. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात चाक जरा घसरतं आणि हिशोब मिटतो, पण डांबरीवर चाक घसरत नाही, मग तो फरक शाफ्ट आणि गिअरमध्ये पीळ होऊन साठत जातो. केळद ते वेल्हे नुसती वळणं आहेत. रस्ता मध्ये मध्ये चिखलाचा होता म्हणून मालकाने लिव्हर काढला नाही, आणि नंतर काढावासा वाटला तेव्हा पिळामुळे आतले दात एवढे घट्ट दाबले गेले होते की लिव्हर हलेना.

काही जण इथे लिव्हरला पाइप लावून ओढतात. करू नका, आतला फोर्क वाकतो आणि मग खरंच सगळं उतरवावं लागतं. एक पुढचं चाक जॅकवर उचललं तरी पीळ सुटतो, पण चाक एकदम झटका देऊन फिरतं आणि गाडी जॅकवरून सरकू शकते, रस्त्याच्या कडेला मला ते नको होतं. गॅरेजच्या बाजूला मुरमाचं मोकळं मैदान होतं. तिथे गाडी घेतली, सरळ रिव्हर्समध्ये आठ-दहा मीटर, लिव्हरवर हलका हात ठेवून. दुसऱ्या खेपेला खालून "ठक्" आवाज आला आणि लिव्हर लोण्यातून सुरी जावी तसा बाहेर आला.

स्टेअरिंग हलकं झालं. गाडी मोकळी पळायला लागली. आणि आम्हाला वाटलं संपलं सगळं.

दुसरा निर्णय: पुढे जायचं का नाही

वेल्ह्याहून पुण्याला दोन रस्ते, पाबे घाट चढून खानापूरमार्गे खडकवासला, किंवा नसरापूरला जाऊन हायवे. पाबे जवळचा पण चढ-उतार जबरदस्त, ब्रेकवर भरवसा नसताना तो नको, म्हणून नसरापूर धरला. हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

सहा-सात किलोमीटर गेलो आणि वास आला. जळक्या ब्रेकचा आणि त्यात आणखी एक उग्र, तेलकट. थांबलो. चारही हबजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघितली (तळहात नाही, तळहात भाजला तर पुढचं कामच करता येत नाही). पुढचे दोन कोमट, मागचा डावा कोमट, मागचा उजवा असा की दोन इंच लांबूनच धग लागत होती. बाटलीतलं पाणी शिंपडलं, चर्र झालं.

डावीकडे ओढण्याचं कारण आम्ही तोपर्यंत ओला ड्रम धरत होतो, आणि ओल्या ड्रममुळे तसं होतंही, हलका ब्रेक दाबून थोडं चालवलं की वाळतं आणि जातं. पण इतकं चालवूनही गेलं नव्हतं. तिथेच संशय यायला हवा होता.

शेजारी एक पोल्ट्री शेड होती. पोल्ट्रीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "लावा की आत, कुत्रं हाय राखणीला." गाडी आत घेतली.

आता समोर तीन रस्ते होते. क्रेन बोलवायची, रविवारी संध्याकाळी त्या वजनाच्या गाडीला, तेही वेल्ह्याच्या रस्त्यावर, भाव ऐकून मालक गप्प झाला. दुसरा, तसंच हळूहळू पुण्याला जायचं. फोनवर एका जुन्या ड्रायव्हर काकांनी हाच सल्ला दिला, त्या चाकाचा ब्रेक पाइप काढून तोंड बंद कर आणि तीन ब्रेकवर ये, आम्ही असंच आणायचो. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांनी अशा गाड्या आम्ही बघितल्या नसतील तिथे चालवल्यात, पण नसरापूरच्या पुढे पुणे-सातारा हायवे आणि कात्रज आहे, रविवार रात्रीची गर्दी आहे, आणि तापलेला हब नुसता ब्रेकमुळे तापलाय का बेअरिंगही गेलंय हे माहीत नव्हतं. बेअरिंग जाम झालं तर चाक निघू शकतं. मी नाही म्हणालो, जरा जोरातच म्हणालो.

तिसरा रस्ता, इथेच उघडायचं आणि आत काय आहे ते बघून ठरवायचं. तोच घेतला.

चाक उघडल्यावर

गाडी उचलली, खाली लाकडाचे ओंडके दिले. चाक हाताने फिरेना. आता ब्रेक धरून का बसलाय? दोन कारणं असू शकतात, एकतर पाइपमध्ये प्रेशर अडकलंय, नाहीतर ड्रममध्येच काहीतरी फसलंय. ब्लीडिंग निपल (ब्रेकच्या पाइपमधलं तेल सोडायचा छोटा नट) सैल केला, थोडं तेल आलं, चाक फिरवून बघितलं. नाही फिरलं. प्रेशर सोडूनही फिरत नाही म्हणजे होज (ब्रेकचा रबरी पाइप) आणि मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा ब्रेकचा पंप) यांचा दोष नाही, दोष आत ड्रममध्ये. या एका पान्याच्या अर्ध्या फेऱ्याने आमचे किमान दोन तास वाचले.

ड्रम निघायला त्रास झाला. आत चिकणमातीचा लगदा, त्यात बारीक खडे, एक खडा शू (ड्रमला आतून दाबणारी ब्रेकची पट्टी) आणि ड्रमच्या मध्ये असा बसला होता की लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) चर पडली होती. आणि लायनर तेलाने काळाकुट्ट. ते तेल ताजं नव्हतं, त्यावर धुळीचे थरच्या थर बसले होते. म्हणजे हबचं सील (तेल आत अडवणारी रबरी ओठाची कडी) ओढ्यात गेलं नाही, ते आधीपासून गळत होतं. टायरवरचा तो काळा पट्टा ग्रीसचा नव्हता, डिफरन्शिअलचं तेल होतं. ब्रेक डावीकडे का ओढत होता त्याचंही उत्तर हेच, तेल प्यायलेला शू नीट धरत नव्हता.

मग सील का गळालं? मालक एक्सलखाली सरकला आणि ब्रीदर शोधला. ब्रीदर म्हणजे एक्सलच्या डोक्यावरची छोटी टोपी, तेल तापलं की आतली हवा फुगते ती इथून बाहेर जायला. तो रंगाने पूर्ण बंद होता. गाडी रंगवताना कोणीतरी चेसिससोबत त्याच्यावरही दोन हात मारले होते. हवेला वाट नाही म्हणून ती सीलच्या ओठातून बाहेर पडायची आणि सोबत तेल न्यायची. आणि ओढ्यात उलटं झालं, तापलेला एक्सल थंड पाण्यात दहा मिनिटं, आतली हवा आकसली, ओढून घ्यायला दुसरी जागाच नाही, मग त्याच ओठातून पाणी आत.

एक्सलचा लेव्हल प्लग (तेलाची पातळी बघायचं बूच) उघडून बोट घातलं. बोटावर गिअर ऑईल नाही, कॉफीत दूध जास्त झाल्यासारखं काहीतरी आलं.

त्या रात्री मागचं डावं चाकही उघडलं, कारण लायनर बदलायचे तर एका एक्सलचे दोन्ही बदलायचे, एकच बदलला तर परत ओढणार. एका मदतनीसाने सुचवलं की शू पेट्रोलने धुऊन, पेटवून तेल जाळू. दिसायला कोरडा होतो, पण आत मुरलेलं तेल ड्रम तापला की परत वर येतं. चारही शू, जुनं सील आणि बेअरिंग पिशवीत घातले आणि शेवटच्या एसटीने निघालो.

दुरुस्ती

सोमवारी पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांत. इथे एक सांगतो, दुकानात जाऊन "निस्सान वन टनचं सील द्या" म्हटलं तर पहिल्या तीन दुकानांत नाही म्हणाले. चौथ्यात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) काढून आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगितली, पाच मिनिटांत सील काउंटरवर. सील आणि बेअरिंग मापाने आणि नंबराने मिळतात, गाडीच्या नावाने नाही. लायनर रिबिट मारून संध्याकाळी मिळाले.

मंगळवारी आमचे नेहमीचे मिस्त्री काका सोबत आले. त्यांनी सील हातात घेतलं आणि आधी ज्या गोलाईवर सीलचा ओठ फिरतो तिच्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. मला पण फिरवायला लावलं. जुन्या सीलने इतकी वर्षं एकाच जागी घासून तिथे बारीक खोबण केली होती, डोळ्याला नुसती चमकदार रेघ दिसायची. काका म्हणाले, "नवीन सील याच खोबणीवर बसलं तर महिन्यात परत गळणार बघ." मग त्यांनी सील पूर्ण खोल न ठोकता साधारण दोन मिलिमीटर अलीकडे ठेवलं, लाकडाचा तुकडा धरून, चहूबाजूंनी थोडं थोडं ठोकत, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर फिरेल. मी हे आधी कधी बघितलं नव्हतं.

बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं. रोलर निळे पडलेले नव्हते, खड्डे नव्हते, म्हणून तेच वापरलं, तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या फटीतून पलीकडे निघेपर्यंत भरलं. नट चाक फिरवत घट्ट केला आणि मग साधारण अष्टमांश फेरा मागे घेऊन लॉक केला.

डिफरन्शिअलचं तेल काढताना दोन रात्री उभी राहिल्याचा फायदा झाला. पाणी जड म्हणून तळाला बसतं. ड्रेन प्लग अगदी हळू सैल केला तर आधी निवळ पाणी आलं, पेलाभर तरी, आणि मग ते दुधाळ तेल. नवीन नव्वद नंबरचं भरलं, पुण्यात आल्यावर परत काढलं, ते पण करडंच आलं, तेव्हा पुन्हा भरलं. तेलाचा खर्च दुप्पट झाला पण आत कोपऱ्यात राहिलेलं पाणी एका बदलीत निघत नाही.

ब्रीदर साफ केला, तोंडाने फुंकून बघितला, आणि त्याला रबरी पाइप जोडून वर हौद्याच्या फळीपर्यंत नेऊन बांधला.

थरथर? मागच्या दोन रिमांच्या आत वाळून दगड झालेली माती. पोल्ट्रीच्या पाइपने धुतली, गेली.

इंजिन बंद पडण्याचं प्रकरण मात्र जरा डोकं खाणारं होतं. काकांना आधी कॉइलचा (स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या भागाचा) संशय, कारण तापली की बंद आणि गार झाली की सुरू, हे कॉइलचंही लक्षण आहे. कॉइल बदलायच्या आधी कार्ब्युरेटरचा इनलेट पाइप काढून बाटलीत धरला (इंजिन गार असताना, बॅटरीपासून लांब, कोणाच्या हातात बिडी नाही हे बघून) आणि स्टार्टर मारला. सुरुवातीला चांगली धार, मग बारीक, मग थेंब थेंब. पेट्रोलच वर येत नव्हतं. पंपाआधी मालकाने लावलेला पारदर्शक फिल्टर तपकिरी झाला होता, आणि टाकीत आतल्या पाइपच्या तोंडाशी गंजाची पापुद्री. आदळआपटीने टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गंज उसळला, पंप ओढायला लागला की तो पाइपच्या तोंडाला चिकटायचा, गाडी थांबली की ओढ संपायची आणि तो खाली पडायचा. म्हणून दहा मिनिटांनी सुरू. टाकी उतरवून धुतली, नवीन फिल्टर टाकला, एक जास्तीचा डॅशबोर्डमध्ये ठेवला.

निकाल

मंगळवारी संध्याकाळी निघालो, चाळीस-पन्नासच्या वर नाही. नसरापूर आणि खेड शिवापूरला थांबून चारही हब बघितले, मागचे दोन्ही सारखेच कोमट. ब्रेक सरळ. लायनर, सील, दोनदा तेल, ग्रीस, फिल्टर आणि एसटीची तिकिटं धरून खर्च नुसता गिअरबॉक्स उतरवायच्या मजुरीपेक्षाही कमी झाला. ते सील आज दोन पावसाळे टिकलंय.

काय वेगळं करायला हवं होतं

टायरवरचा काळा पट्टा. त्या दिवशी बोट लावल्यावर नुसता वास घेतला असता तरी कळलं असतं, गिअर ऑईलला गंधकासारखा घाण वास येतो, ग्रीसला तसा येत नाही. तेव्हा सील बदललं असतं तर ब्रीदरही सापडला असता आणि पाणी आत गेलंच नसतं.

ओढ्यात उतरायच्या आधी पंधरा मिनिटं थांबून एक्सल गार होऊ द्यायला हवे होते. आणि वेल्ह्यात लिव्हर निघाल्यावर लगेच न पळता तिथेच चारही हब हाताने बघायला हवे होते. एक दोष सापडला की बाकीचे त्याचेच भाऊ असणार असं आम्ही गृहीत धरलं, प्रत्यक्षात गाडीत पाच वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्या होत्या आणि त्यातल्या फक्त दोन एकमेकांशी जोडलेल्या होत्या, सील आणि ब्रेक.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच. मागचा एक्सल एवढा बारकाईने केला आणि पुढच्या एक्सलचा प्लगच उघडला नाही. तोही त्याच पाण्यात तेवढाच वेळ उभा होता, त्याच्या ब्रीदरवरही तोच रंग होता. तीन आठवड्यांनी वळताना पुढून खरखर यायला लागली. उघडलं तर तेल दुधाळ, आणि डाव्या स्टेअरिंग नकलचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचं) बेअरिंग गंजून खड्डे पडलेले. बेअरिंग नंबरावरून पुण्यात एका दिवसात मिळालं, पण ज्या पिनवर ते बसतं ती पिनही खाल्ली गेली होती, आणि ती शेवटी दिल्लीच्या मायापुरीतून, जुन्या पार्टच्या बाजारातून, पार्सलने आली, तोपर्यंत गाडी महिनाभर ठोकळ्यांवर. मंगळवारी त्या पोल्ट्रीत पाना हातात होता, प्लग समोर होता, दोन मिनिटांचं काम होतं. आता पाण्यातून आलं की घरी जायच्या आधी इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही एक्सल अशा पाचही जागचं तेल बघतो, आणि मालकाने पुढच्या ब्रीदरचा पाइपही वर बॉनेटखाली नेऊन बांधलाय.